फ्रेंच कंट्री स्टाईल गोधडीसाठी कापड कसं निवडायचं? (कोकणच्या हवेत टिकणारं)

सुरंगी
नमस्कार मंडळी, इथे गोधडीवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडली नाही.

तर झालं असं की भाचीने पुण्यात फ्लॅट घेतला आणि मी उत्साहाच्या भरात बोलून गेले की दिवाळीला तुला माझ्या हातची गोधडी. तिने लगेच चाळीसेक फोटो पाठवले, सगळे 'फ्रेंच कंट्री'. म्हणजे साय रंगाच्या भिंती, लोखंडी पलंग, त्यावर फिक्या लाल-निळ्या बारीक फुलांची रजई आणि शेजारी लॅव्हेंडर. दिसतं गोड, पण माझा आजवरचा अनुभव म्हणजे सासूबाईंची जुनी लुगडी आणि घरातल्या चिंध्या, ठरवून कापड विकत आणून गोधडी कधी शिवलीच नाही.

एका ऑनलाईन दुकानातून 'फ्रेंच कंट्री कॉटन बंडल' मागवलं. नाव नाही घेत. आलं ते बघून रडू कोसळायचं बाकी होतं, भडक पिवळी सूर्यफुलं, एका तुकड्यावर आयफेल टॉवर, आणि दोरा काढून काडी लावली तर गोळा होऊन वितळला, म्हणजे निम्मं पॉलिस्टर. सासूबाई म्हणाल्या कंदिलाला लाव.

आम्ही देवगडच्या जवळ, समुद्र घरापासून दहा मिनिटांवर. इथे बाजारात आस्तराचं कापड आणि ब्लाऊजपीस सोडून फार काही मिळत नाही. माप ६० बाय ९० इंच. मुळात कुठलं कापड घ्यायचं, रंग कसे जुळवायचे आणि कुठे मिळेल? सगळं सांगा, मला काही म्हणजे काही माहीत नाही असं समजून सांगा.

तिरफळ
आयफेल टॉवरच्या तुकड्याचं पायपुसणं करा, पॅरिस पायाशी येईल :)

बाकी विषयातलं शून्य कळतं, बसलोय वाचत.

गोधडीवेडी
सुरंगीताई, पहिल्यांदा ते चाळीस फोटो दोन ढिगांत वेगळे करा. लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात आणि मग कापड घेताना सगळा घोळ होतो. एक आहे प्रोव्हान्सचं, म्हणजे दक्षिण फ्रान्स, त्यात रंग चांगले खणखणीत असतात, पिवळा, गर्द निळा, लाल, ऑलिव्हचा हिरवा, आणि छोटी बुट्टी ओळीत छापलेली, कडेला काठ. दुसरं ते जुनं धुवून धुवून विटल्यासारखं, साय रंगाची जमीन, फिका लाल, राखाडीकडे झुकणारा निळा, मधे कुठेतरी जाडंभरडं लिनन आणि पट्टे. तुमच्या वर्णनावरून भाचीला दुसरं हवंय. तुम्हाला आलेलं बंडल हे पहिल्याचं माकडरूप.

आता कापड. मी चिपळूणला राहते, बारा वर्षं शिवतेय, एकच ठाम मत आहे की नुसतं फुलाफुलांचं घेऊ नका. सगळेच तुकडे सुंदर असले की एकही दिसत नाही. मोठ्या नक्षीचं एक, मध्यम नक्षीची दोन-तीन, आणि उरलेली इतक्या बारीक ठिपक्या-बुट्टीची की चार हातांवरून प्लेन वाटली पाहिजेत. आणि ह्या सगळ्यांना श्वास घ्यायला पट्टे किंवा चौकडा हवाच हवा. ते जे फोटोतल्या उशांवर निळे-पांढरे पट्टे दिसतात ना, त्याला तिकडे टिकिंग म्हणतात, आणि ते मूळचं गादी-उशीच्या खोळीचं घट्ट विणीचं कापड आहे, कापूस-पिसं बाहेर येऊ नयेत म्हणून. म्हणजे आपला गादीपाट! गादीवाल्याकडे जा आणि जुन्या पद्धतीचा सुती गादीपाट मागा. हल्ली बऱ्याच ठिकाणी चकचकीत जॅकार्ड देतात, ते नको. जाड असतो म्हणून थोडाच वापरा, काठाला नाहीतर मधल्या पट्ट्यांना.

फुलांसाठी सांगानेरी बघा, जयपूरकडचं ठशांचं छापील कापड. पांढऱ्या किंवा साय रंगाच्या जमिनीवर नाजूक बुट्टी, केंब्रिकमधे घ्या, म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड, मलमल सुळसुळते, कापताना हातात राहत नाही. बगरू, तिकडचंच दुसरं ठशाचं कापड, पण छान पण त्यात मातकट लाल-काळा जास्त, मोजकाच घ्या. आणि एक मांजरपाट. हो तोच. कोऱ्या मांजरपाटाचा जो कच्चा पिवळसर रंग असतो तोच रंग ह्या स्टाईलचा पाया आहे, लोक त्याला 'एक्रू' म्हणून तिप्पट पैसे मोजतात.

खाडीपल्याड
मला एक कळत नाही, कोकणात रजई लागते कुणाला? आमच्याकडे रत्नागिरीला जानेवारीतले चार दिवस सोडले तर पंखा फुल आणि अंगावर पंचा. उगाच कापूस भरून दमट वासाचं गाठोडं करून ठेवणार.

सुरंगी
अहो काका गोधडी पुण्याला जायचीय :) पण मुद्दा बरोबर आहे, शिवताना पावसाळाभर ती माझ्याच घरात असणार. आणि जमली तर मला स्वतःलाही एक करायचीच आहे.

गोधडीवेडी, गादीपाटाचं वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणतात "मग इतके दिवस मी फ्रेंच गादीवर झोपत होते की काय".

न्यूजर्सीची_आंबोळी
मूळची गुहागरची, आता इकडे. इकडच्या क्विल्टच्या दुकानांत 'फ्रेंच जनरल' म्हणून एक मालिका येते मोडा कंपनीची, ती बरोब्बर तुमच्या भाचीच्या फोटोतली, विटका लाल, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा पांढरा, नीळ. तयार कापलेले गठ्ठे पण मिळतात, चार्म पॅक म्हणजे ५ इंची चौकोन, साधारण ४२ असतात. फॅट क्वार्टर म्हणजे १८ बाय २२ इंचाचा तुकडा. पण भारतात मागवायच्या भानगडीत पडू नका, कापडाइतकाच खर्च टपालाचा. त्यांच्या साईटवर जाऊन फक्त रंग बघा, स्क्रीनशॉट काढा आणि तो फोन हातात धरून आपल्या बाजारात कापड शोधा. मी सुट्टीला आले की उलटं करते, इकडच्या दुकानांत नाही मिळत तसं ठशाचं कापड आठ-दहा मीटर बॅगेत कोंबून नेते.

आणि तो आपला सुती पंचा, पांढरा, लाल काठाचा? फ्रान्समधले जुने स्वयंपाकघरातले पुसणे अगदी तसेच असतात, लिननचे, कडेला लाल रेघ. पंचाचा काठ कापून पट्टीसारखा लावा, जुळतो. विण सैल असते म्हणून मागे पातळ कापड लावून मग कापा नाहीतर दोरे सुटतील.

जुनी_पेटी
इथे थोडं अवांतर करतो, पण अगदीच अवांतर नाही.

तुम्ही ज्याला फ्रेंच म्हणताय ते कापड मूळचं आपल्याकडचं आहे. सतराव्या शतकात मार्सेय बंदरात हिंदुस्थानातलं छापील सुती कापड उतरायला लागलं, आणि फ्रेंचमधे त्याचं नावच पडलं 'आंदिएन', म्हणजे भारतीय. इंग्रजीतलं चिंट्झ हे पण आपल्या छींटवरून, मराठीत चीट. आमच्या आजीच्या तोंडी "चिटाचं परकर-पोलकं" असायचं, तेच हे चीट. तिकडच्या लोकांना आश्चर्य कशाचं वाटलं, तर रंग धुतला तरी जात नाही याचं. आपल्या रंगाऱ्यांना तुरटीसारखे क्षार लावून रंग धाग्यात पक्का करायची विद्या येत होती, युरोपात तोवर कापडावर छापलेला रंग पहिल्या धुण्याला पाण्यात.

मग मार्सेयमधेच नक्कल सुरू झाली, आर्मेनियन कारागीर आणून. रेशीम आणि लोकरवाले विणकर ओरडायला लागले की आमचा धंदा बसला. शेवटी १६८६ मधे फ्रान्सच्या राजाने छापील सुती कापडावर बंदीच घातली, आणायचं नाही आणि बनवायचं पण नाही. ती उठली १७५९ मधे. म्हणजे सत्तरेक वर्षं हे कापड चोरून नेसायची वस्तू होती. प्रोव्हान्सशेजारचं आव्हिन्यों शहर तेव्हा पोपच्या अखत्यारीत, तिथे राजाचा कायदा चालेना म्हणून बरीच वर्षं तिथे छपाई चालू राहिली. प्रोव्हान्समधे ही परंपरा एवढी रुजली त्याचं हे एक कारण.

बंदी उठल्यावर लगेच १७६० मधे ओबेरकांफ नावाच्या जर्मन माणसाने व्हर्सायजवळ झुई-आं-जोझास गावात कारखाना काढला. ते 'त्वाल द झुई' म्हणतात ना, साय रंगाच्या कापडावर एकाच रंगात मेंढपाळ, झाडं, पडकी देवळं, ते तिथलं. अर्थात त्या कारखान्याचा बराचसा माल फुलांचाच होता, प्रसिद्ध मात्र मेंढपाळ झाले. १८४३ मधे तो बंद पडला.

राजापूरला इंग्रजांची वखार होती हे आपल्याला शाळेत शिकवलं, पण फ्रेंचांचीही होती. तिथून चीट गेलं असं मी म्हणत नाहीये, त्यासाठी त्यांचं सुरत आणि मछलीपट्टण. पण तुम्ही देवगडात बसून फ्रेंच कापड शोधताय म्हणून गंमत वाटली.

गोधडीवेडी
क्या बात! म्हणजे सांगानेरी घ्या असं मी नुसतं डोळ्याला जुळतं म्हणून सांगत होते, ते नात्यातलंच निघालं.

मछलीपट्टणवरून आठवलं, तिकडचं ठशांचं कलमकारी पण चालेल, पण त्यातलं वेलबुट्टीचं, मोठाले मोर आणि बुद्धाचे चेहरे वालं नको.

वेंगुर्ल्याचो_बाबल्या
आमच्या आजयेन लुगड्याची गोधडी शिवलेली ती अजून आसा. लाल चिटाचे तुकडे आसत तेच्यात. तेका कोणी फ्रेंच म्हटल्यान नाय. आता इतक्या वर्षांनी कळता आमी घरात केवढा मोठा म्युझियम घेवन झोपताव :D

तिसरी_घंटा
त्वालबद्दल सावधान करते, स्वतःच्या अनुभवावरून. मला एकदा मुंबईत सोफ्याच्या कापडाच्या दुकानात त्वालचा उरलेला दीड मीटर मिळाला, निळा, इतका सुंदर की मी घरी येऊन त्याच रात्री सगळ्याचे चार-चार इंची चौकोन कापले. जोडून बघते तर मेंढपाळाचं मुंडकं एकीकडे, मेंढी दुसरीकडे, झोपाळ्यावरच्या बाईचे नुसते पाय आणि झाड चक्क उलटं. नवरा म्हणाला गुन्हेगारी क्विल्ट आहे का. तर अशा चित्राचं कापड कापायचं नाहीच, मधोमध अख्खा मोठा तुकडा ठेवायचा आणि भोवती चौकटीसारखे काठ. आणि चित्राला वर-खाली असतं, पलंगावर कुठून बघणार ते आधी ठरवा.

शिवाय ते पडद्या-सोफ्याचं कापड जाड होतं, बाजूच्या केंब्रिकला ओढून फाडलं त्याने दोन वर्षांत. वजन सारखं असलेलीच कापडं एकत्र करावीत हे नंतर शहाणपण आलं.

जुनी_पेटी
अजून एक, मग गप्प बसतो. प्रोव्हान्समधे जुन्या रजया बहुतेक चौकोन जोडून नसायच्याच. अख्ख्या कापडाची रजई, वर एक छापील चीट, मागे दुसरं, मधे कापसाचा पातळ थर आणि त्यावर शंकरपाळ्यासारखे तिरके टाके. बायकांचे परकर सुद्धा असेच टाके घातलेले. तुकड्यांचा पॅचवर्क हा जो आपण फोटोत बघतो तो बराचसा अमेरिकन गोधडीचा प्रकार आहे, कापड तेवढं फ्रेंच थाटाचं.

आणि 'बुती' म्हणून एक प्रकार आहे, दोन पांढरी तलम कापडं एकत्र शिवून नक्षीच्या आखलेल्या नळ्यांमधे सुताची वात सुईने भरायची, नक्षी उठून दिसते, उजेडात धरली तर अजूनच. काल्व्हिसों गावात त्याचं छोटं संग्रहालय आहे.

गोधडीवेडी
पेटीकाका थांबा, इथे माझं पटत नाही. परंपरा तशी असेल, पण सुरंगीताई आपल्या गोधडीच्या हाताच्या आहेत, त्यांना तुकडे जोडायची सवय आहे आणि भाचीने पाठवलेले फोटो पण तुकड्यांचेच आहेत. अख्ख्या कापडाची करायची तर ६० इंच पन्ह्याचं एकसंध चीट लागेल, ते मिळवायला जयपूरवाल्याकडून बेडशीटच घ्यावी लागेल, मग नुसतं शिवायचं काय राहिलं?

जुनी_पेटी
टाके राहिले की. गोधडीत शिवण म्हणजे टाकेच.

सुरंगी
भांडू नका, दोन्ही करते :) वर तुकडे आणि मागच्या बाजूला अख्खं एकच चीट. उलटी अंथरली की प्रोव्हान्स.

आता मला हिशोब सांगा कोणीतरी, किती मीटर कापड लागेल. मी आजवर "पेटीत असेल तेवढं" ह्या मापाने शिवलंय.

न्यूजर्सीची_आंबोळी
सोपा हिशोब. शिवून झाल्यावर ५ इंचाचा चौकोन धरा, म्हणजे आडवे १२ आणि उभे १८, एकूण २१६. पाव-पाव इंच शिवणीत जाणार म्हणून कापायचे साडेपाच इंची. आपलं ४४ इंच पन्ह्याचं कापड, काठ सोडून ४२ धरा, एका ओळीत ७ बसतात. अर्धा मीटर कापड धुवून आटलं तरी ३ ओळी निघतात, म्हणजे २१ चौकोन. १२ वेगवेगळी कापडं अर्धा-अर्धा मीटर घेतलीत की २५२ होतात, ३६ हाताशी उरतात, चुकायला आणि नावडायला.

मागच्या बाजूला ४४ पन्हा पुरणार नाही, अडीच-अडीच मीटरचे दोन तुकडे मधे जोडावे लागतील, ५ मीटर. काठाच्या गोटाला अडीच इंची पट्ट्या, आठ लागतील, अर्धा मीटर थोडक्यात कमी पडतो, पाऊण घ्या. त्या कोपऱ्यांवर माझं नेहमी कमी पडतं.

मिठागर
अलिबागकडून. शिवायच्या आधी कापड धुवा धुवा धुवा. सुती कापड शंभराला तीन ते पाच आटतं, आणि सगळी सारखी आटत नाहीत, न धुता शिवलंत तर पहिल्या धुण्याला गोधडी चुरमुरे. ज्यांना तो सुरकुतलेला जुनाट लूक मुद्दाम हवा असतो ते न धुता शिवतात, पण मग रंगाचा जुगार.

ठशाच्या कापडाचा लाल आणि नीळ हे दोन चोर. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, फडक्यावर रंग आला तर ते कापड वेगळं भिजवत राहा जोवर पाणी निवळ होत नाही. चार पाण्यांनंतरही सोडत असेल तर प्रेमाने बाजूला ठेवा, त्याची पिशवी शिवा. साय रंगाच्या शेजारी तो लाल लावलात तर सगळी मेहनत गुलाबी.

तिरफळ
पण आमची आई मिठाच्या पाण्यात भिजवायची, व्हिनेगर पण घालतात ना?

मिठागर
सगळ्यांची आई भिजवायची, माझी पण. मीठ रंगवताना कामाचं असतं, रंगवून बाजारात आलेल्या कापडाचा सुटा रंग ते धरून ठेवत नाही. पहिल्या पाण्याला कमी सुटला असं वाटतं, मग पुढच्याला सुटतो. मी दोन्ही करून झालेय, पांढरा गोट गुलाबी झालेला अजून ठेवलाय आठवण म्हणून. साधा साबण आणि भरपूर पाणी.

खाडीपल्याड
माझ्या दमट वासाच्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही.

गोधडीवेडी
लावते काका. तुमचं खरंय, जाड बॅटिंगची, म्हणजे मधल्या तयार भरावाची, रजई कोकणात मूर्खपणा. जुलैत भिजली तर आठवडाभर वाळत नाही आणि घडी घातली की भुरी धरते. मी मधे काय घालते तर जुनी सुती साडी, दोन थर. पातळ, मऊ, आणि दांडीवर दोन तासांच्या उन्हात सुकते. पिंजलेला कापूस घातलात तर धुतल्यावर गोळे होतात, ते टाळायला टाके जवळजवळ घालावे लागतात. पॉलिस्टरचा भराव लवकर सुकतो हे मान्य पण अंगावर घेतली की घाम. पुण्याच्या भाचीसाठी कापसाची पातळ बॅटिंग चालेल, पाकिटावर टाके जास्तीत जास्त किती अंतरावर हवेत ते लिहिलेलं असतं ते बघा. आणि तुमच्या स्वतःच्या गोधडीला साडीच घाला, आपली दुलई.

ह्या सगळ्याचा कापडाच्या निवडीशी संबंध आहे बरं का. दमट हवेत फिक्या साय रंगावर भुरीचे काळे ठिपके पडले की जात नाहीत. म्हणून घरी ठेवायच्या गोधडीत कोरा पांढरा कमी आणि बारीक बुट्टीची जमीन जास्त. बुट्टीत डाग लपतात. प्रोव्हान्समधल्या शेतकरणींनी पण त्याच कारणाने बुट्टी नेसली असेल, हा माझा अंदाज, पेटीकाका लगेच पुरावा मागू नका.

वेंगुर्ल्याचो_बाबल्या
आणि काजूच्या बोंडाचो डाग पडलो तर? तो काय बुट्टीत लपाचो नाय आणि साबणान जावचो नाय.

गोधडीवेडी
तो डाग गोधडीबरोबर वारसाहक्काने जातो.

तिसरी_घंटा
चहात बुडवायचं कोणी सांगितलं नाही अजून? पांढरं शुभ्र कापड बाकीच्यांत डोळ्यात खुपतं, ते कोऱ्या चहाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवलं की साय रंगावर येतं. आधी छोट्या तुकड्यावर बघा, ओलं असताना गडद दिसतं. पिढ्यान्पिढ्या टिकवायच्या गोधडीला करू नका म्हणतात, चहातला टॅनिन कालांतराने धागा कमकुवत करतो. मला माझी वीस वर्षं टिकली तरी पुष्कळ.

सुरंगी
मंडळी अपडेट! दीड महिना गायब होते, आंब्याचा सीझन, पेट्या भरण्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मृगाच्या आत दोन दिवस मुंबईला बहिणीकडे जाऊन आले, मंगलदास मार्केटमधे अख्खी दुपार काढली. पहिल्या तासात डोकं बधिर झालं, सगळंच आवडायला लागलं, मग आंबोळीताईने सांगितल्याप्रमाणे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते ते समोर धरले आणि दुकानदाराला एवढंच म्हटलं की "नवीन दिसेल असं दाखवू नका". तो हसला पण मग मागच्या फळीवरून बरोब्बर काढून द्यायला लागला.

आणलेलं: सांगानेरी केंब्रिक सहा प्रकारचं, १८० रुपये मीटरने, त्यात एक मोठ्या गुलाबाचं, बाकी बारीक बुट्टी. विटक्या विटेसारखा लाल दोन छटांत. आमच्या अंगणातल्या जांभ्याच्या गडग्यासमोर धरला तर हरवलाच. एक निळा-राखाडी चौकडा. एक मोहरी रंगाचं, ह्याच्याबद्दल खाली विचारते. मांजरपाट धुवून झाला, मस्त पडलाय. गादीपाट मात्र मुंबईत नाही, आमच्या इथल्याच गादीवाल्याकडे मिळाला, निळ्या पट्ट्यांचा, तो म्हणाला "वयनी, हल्ली हा कोण घेत नाय, घेवन जावा". आणि मागच्या बाजूला ५ मीटर नीळ रंगाचं चीट. दुकानात ते "प्रिंटेड कॉटन" होतं, घरी आल्यावर चीट झालं.

एका लालने रंग सोडला, मिठागर म्हणतात तस्सा, पाच पाण्यांनंतर पण. त्याची पिशवी.

आता प्रश्न. चौकोन कापून पडवीत जमिनीवर मांडले, आणि सगळं कसं गुळमट दिसतंय. प्रत्येक तुकडा आवडतोय पण एकत्र बघितलं की डाळ-भात. आणि ते मोहरी रंगाचं कुठेही ठेवलं तरी ओरडतं.

न्यूजर्सीची_आंबोळी
फोनवर फोटो काढा आणि काळा-पांढरा करून बघा. सगळे तुकडे एकाच राखाडीत दिसले तर गडद कमी पडलाय. ह्या स्टाईलमधे सगळे फिके घेतात आणि इथेच फसतात. गडद फार लागत नाही, दहात एखादा, पण तो नसेल तर बाकीच्यांचं फिकेपण दिसतच नाही.

सुरंगी
केला. अक्षरशः एकच राखाडी चादर. गडद म्हणून काय घालू? परत मुंबईला जाणं आता दिवाळीपर्यंत शक्य नाही.

गोधडीवेडी
मागच्या बाजूला आणलेली नीळ आहे ना! त्यातलं अर्धा मीटर पुढे घ्या, मागे तेवढी पट्टी मांजरपाटाची जोडा. आणि मोहरी काढून नका टाकू, फक्त चौकोन करू नका त्याचे. त्याचा गोट करा, एकदम बारीक, अख्ख्या गोधडीला कडेने. ओरडणारी माणसं दारात उभी केलेली बरी.

जुनी_पेटी
मोहरी गोट उत्तम. तो पिवळा प्रोव्हान्सचा हक्काचा रंग आहे.

सुरंगी
नीळ घालून पुन्हा मांडलं. नऊ ठिकाणी घातली, विखरून, ओळीत नाही. काय सांगू, ते गुलाबाचं कापड जे मला आणल्यापासून पश्चात्ताप होत होता ते एकदम वर आलं. फोटो संध्याकाळी टाकते, आत्ता बाहेर धो धो आणि लाईट नाही.

भाचीला पाठवला होता. तिचं उत्तर, "मावशी हे फोटोतल्यापेक्षा जुनं वाटतंय!!!" तीन उद्गारचिन्हं आहेत म्हणजे आवडलं असं मी धरून चालले आहे.

मिठागर
जोडायला घ्या पण मागचं अस्तर टाचायला उघडीप बघून घ्या, दमट हवेत कापड सैल पडतं, नंतर सुकल्यावर ओढ बसते. आणि कापलेले चौकोन डब्यात घट्ट बंद नका ठेवू, सुपात ठेवा, वाळ्याची जुडी टाका मधे. लॅव्हेंडर कुठून आणणार.

खाडीपल्याड
सुरंगीताई, त्या दुलईचं, म्हणजे मधे जुनी साडी घातलेलीचं, कोणी शिवून देतं का विकत? बायकोने हा धागा वाचला.

गोधडीवेडी
काका :D व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सुरंगी
काका, माझी स्वतःची झाली की सांगते, पण तिला उशीर होणार असं दिसतंय. उरलेला गादीपाट सासूबाईंनी काल दुपारी मी झोपले असताना ताब्यात घेतला, आणि संध्याकाळी बघते तर त्याची उशीची खोळ शिवून, जुना कापूस भरून, तोंड शिवून झोपाळ्यावर ठेवलेली. म्हणाल्या, ज्याचं त्याला दिलं.